धूळ असेल

रक्ताची बाटली बोलली तेव्हा पहाटेचे तीन दहा झाले होते.
एवढ्या लवकर कुणी बोलत नाही.
सहा तासांत दहीसुद्धा धड लागत नाही.

मॉर्गन सिटी, लुइझियाना. खिडकीबाहेर अचाफलाया नदी,
बार्जेसचे लाल दिवे, आणि ऑगस्टची अशी हवा
की पुसलेली काच पुन्हा घामेजते.
लॅबमध्ये मी एकटी, आणि फ्रिजची घरघर.

थेंब काचपट्टीवर पसरला, आचेवरून तीनदा फिरवला,
जांभळं, आयोडीन, अल्कोहोल, गुलाबी.
भिंगाखाली मालगाडी उभी:
जांभळे चौकोनी डबे, एकामागे एक,
रूळ नाहीत, इंजिन नाही.

याला मी ओळखते. वीस वर्षं ओळखते.
हा शिळ्या भातातला,
रात्रभर पातेल्यात राहिलेल्या, सकाळी फोडणी दिलेल्या.
दोन उलट्या, आणि लिंबू-सरबतावर माणूस उभा.
रक्तात सापडला तर हवेतून आला, कातडीवरून आला,
सुई टोचणाऱ्याच्या घाईतून आला.
त्यासाठी एक ठरलेलं वाक्य असतं.
हजारदा लिहिलंय. बोटांना पाठ आहे.

लिहायला घेतलं, आणि दुसरी बाटली बोलली.
दुसऱ्या हाताची.

वर फोन लावला. लर्लीन होती ड्यूटीवर.
व्हेरेट, ड्वेन. एकोणचाळीस.
सोमवारी कामावर होता, म्हणाली. मंगळवारी कसकस.
बुधवारी खोकल्यातून रक्त, तरी स्वतः गाडी चालवत आला.
आठच्या फोटोत एक बाजू पांढरी होती,
दीडच्या फोटोत दोन्ही.
आता नळीवर आहे.

काम काय करतो?
ती थांबली. असं खालून कुणी विचारत नाही.
वेल्डर. बार्जच्या यार्डात.
बायको बाहेर बसलीय, त्याचे बूट पिशवीत घालून, मांडीवर.

कुपवाडच्या शेडमधून अण्णा यायचे
तेव्हा नाक शिंकरलेला रुमाल काळा.
मालक रोज गुळाचा खडा द्यायचा माणशी एक,
धूर पोटात उतरतो म्हणे, छातीत राहत नाही.
अण्णांचा विश्वास होता.
गूळ गोड होता, एवढं मात्र खरं.

छातीत राहतो. थराथरानं राहतो,
जुन्या तव्याच्या काजळीसारखा.
आणि लोखंड म्हणजे यांचं अन्न.
कुठल्याशा परिषदेत, जेवणानंतरच्या पेंगेत, ऐकलं होतं:
भातातल्या याच गरीब घरात
क्वचित एखादा निघतो, ज्यानं चुलतघरातून
काळपुळीचं विष उसनं आणलेलं असतं.
आणि तो वेल्डरची छाती धरतो. याच आखाताच्या काठावर.
तेव्हा मी वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत होते.

तीन एकोणतीस. डॉक्टरांना उठवलं.
"धूळ असेल," ते झोपेतून म्हणाले.
असेल. पण दोन्ही हातांत?
ते उठून बसल्याचं मला ऐकू आलं.

मग औषधं बदलली, राज्याच्या लॅबला फोन गेले,
कुठूनतरी उताऱ्याची पेटी विमानात चढली.
यातलं माझ्या हातात काही नव्हतं.
चारला जेवणाची सुट्टी असते. डबा उघडला.
फोडणीचा भात, शेंगदाणे, वर कच्चा कांदा.
कालचाच भात.
झाकण लावलं. मग काढलं,
आणि उभ्यानं खाल्ला, सगळा.

आम्हां खालच्यांना माणूस दिसत नाही, नळ्या दिसतात.
व्हेरेट, ड्वेन: गुरुवारी सात,
शुक्रवारी नऊ,
शनिवारी सकाळी एक.
मग आल्या नाहीत.
नळ्या थांबायची कारणं दोनच असतात.

सोमवारी लर्लीन लिफ्टमध्ये भेटली.
घाईत होती, हातात सलाईनचा खोका.
ते बूट गेले का, मी विचारलं.
गेले, म्हणाली, आणि तिचा मजला आला.

पायात की पिशवीत,
ते राहिलंच विचारायचं.